ग्राइंडर बंद पडला? कार्बन आणायला पळायच्या आधी या क्रमाने तपासा

चार इंची अँगल ग्राइंडर चालता चालता बंद पडला की बहुतेक जण सरळ दुकानात जाऊन कार्बनची (मोटरच्या फिरणाऱ्या भागाला करंट देणारे, घासून झिजणारे छोटे ठोकळे) जोडी आणतात, ती टाकून नाही चालला तर आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) आणतात, आणि मग कोणीतरी जाणकार येऊन दाखवतो की वायर मशीनच्या तोंडाशी आतून तुटलेली होती. पार्ट महाग असतात, परत कोणी घेत नाही, आणि मधे दोन-तीन दिवस काम बंद. हे सगळं फक्त तपासायचा क्रम चुकल्यामुळे होतं, म्हणून हा लेख.

इथे मी ६०० ते ८५० वॅटचा वायरवाला चार इंची ग्राइंडर धरून लिहितोय, म्हणजे फॅब्रिकेशनवाले, प्लंबर, टाईल्सवाले सगळ्यांकडे असतो तोच. मार्बल कटर आणि डाय ग्राइंडरची मोटरही याच प्रकारची असते त्यामुळे त्यांनाही हाच क्रम चालेल. बॅटरीवाल्या ब्रशलेस मशीनला मात्र यातलं फारसं काही लागू होत नाही, त्यात कार्बनच नसतात.

सुरू करायच्या आधी एक गोष्ट समजून घ्या कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. या मोटरमध्ये सगळे पार्ट सिरीजमध्ये जोडलेले असतात. करंट पिनमधून वायरमध्ये जातो, वायरमधून स्विचमध्ये, तिथून फिल्ड कॉइलमध्ये (बॉडीत बसलेली, न फिरणारी कॉइल), मग एका कार्बनमधून आर्मेचरमध्ये, दुसऱ्या कार्बनमधून बाहेर आणि परत पिनकडे. दिवाळीच्या जुन्या लाईटच्या माळेत एक बल्ब गेला की अख्खी माळ बंद पडायची, तसंच इथे आहे. कुठलाही एक पार्ट तुटला तरी बाहेरून लक्षण एकच, मशीन डेड. त्यामुळे अंदाजाने पार्ट बदलणं म्हणजे निव्वळ पैसे घालवणं आहे, प्रत्येक टप्पा मीटरने बघत पुढे जायचं.

तयारी

साधा डिजिटल मल्टीमीटर पाहिजेच, टेस्टरवर हे काम होत नाही. टेस्टर फक्त फेज आहे की नाही सांगतो, वायर आतून तुटली आहे का, कॉइल जळली आहे का हे त्याला कळत नाही. सोबत स्टारचा आणि टॉर्क्सचा स्क्रू ड्रायव्हर (बऱ्याच मशीनला टी-२० लागतो), बारीक चपटा ड्रायव्हर, पक्कड, जुना टूथब्रश, शक्य असेल तर ब्लोअर, आणि स्क्रू ठेवायला एक ताटली. मोबाईल जवळ ठेवा, प्रत्येक कव्हर काढल्यावर आधी फोटो मग हात लावायचा.

मशीन वॉरंटीत असेल तर इथेच थांबा. टप्पा १ आणि २ करा, त्याला स्क्रू काढावे लागत नाहीत, बाकी सर्व्हिस सेंटरला द्या. उघडलेल्या मशीनची वॉरंटी सहसा मानत नाहीत.

सावधान: टप्पा १ आणि टप्पा ९ मधलं शेवटी चालू करून बघणं सोडलं तर बाकी सगळं पिन बोर्डातून काढूनच करायचं. नुसतं बोर्डाचं बटण बंद करून चालणार नाही, कारण खूप ठिकाणी बटण न्यूट्रलवर लावलेलं असतं आणि बटण बंद असलं तरी मशीनमध्ये फेज येत राहतो. पिन काढून ती डोळ्यासमोर ठेवा. आणि डिस्क काढून ठेवा, डिस्क लावलेली असताना कुठलीही तपासणी करू नका.

टप्पा १: बंद पडताना नेमकं काय झालं ते आठवा, मग बोर्ड बघा

मशीन कसं बंद पडलं यावरून निम्मं निदान होतं, पण याकडे कोणी लक्षच देत नाही.

एकदम चांगलं चालत होतं, ना वास ना ठिणग्या, आणि अचानक बंद, तर वायर, स्विच किंवा ऑटो-स्टॉप कार्बन (घासून संपत आला की मशीन आपोआप बंद करणारा, टप्पा ५ बघा). थोडं चालतं, हलवलं की बंद, परत हलवलं की चालू, तर जवळपास नक्की वायर. आधी ताकद कमी झाली, ठिणग्या वाढल्या, मग बंद, तर कार्बन किंवा कॉम्युटेटर, म्हणजे आर्मेचरच्या टोकाची तांब्याच्या पट्ट्यांची गोल रिंग जिच्यावर कार्बन घासतात. जळका वास येऊन धूर निघाला आणि बंद, तर फिल्ड किंवा आर्मेचर. नुसता गुंगुं आवाज येतो पण फिरत नाही, तर गिअर, बेअरिंग जाम, नाहीतर आर्मेचर. मोटर फिरल्याचा आवाज येतो पण डिस्क फिरत नाही, तर गिअर गेला.

आता बोर्ड. मशीनचा स्विच बंद आहे याची खात्री करून त्याच सॉकेटमध्ये दुसरं काहीतरी लावा, आणि ते मोबाईलचा चार्जर नको, इस्त्री किंवा ड्रिल असं करंट घेणारं काहीतरी. ढिल्या किंवा जळलेल्या सॉकेटवर चार्जर आरामात चालतो पण ग्राइंडर चालत नाही. एक्स्टेन्शनवर असाल तर ते काढून थेट भिंतीच्या बोर्डावर लावून बघा. साइटवर ३०-४० मीटर लांब, बारीक वायरचं एक्स्टेन्शन लावतात, त्यातून मशीनपर्यंत व्होल्टेज पुरेसं पोचतच नाही आणि मग लोक म्हणतात मशीनमध्ये दम राहिला नाही. लांब एक्स्टेन्शनला कमीत कमी १.५ स्क्वेअर एमएमची वायर पाहिजे, आणि रीलवर गुंडाळलेलं असेल तर पूर्ण उलगडून वापरा, गुंडाळलेली वायर गरम होऊन वितळते.

गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं तेव्हाही हेच. मीटरने बोर्डावर मोजा, २३० च्या जागी १८० वगैरे येत असेल तर मशीनची काही चूक नाही, आणि तेवढ्या व्होल्टेजवर दाबून काम केलं तर मात्र मशीन जळेल.

ज्या मॉडेलला इलेक्ट्रॉनिक ओव्हरलोड असतो ते जास्त दाबल्यावर किंवा डिस्क अडकल्यावर स्वतःहून बंद होतं, काहींना लाल लाईट लागते. स्विच बंद करून थोडं थंड होऊ द्या, परत चालू करा. ते बिघडलेलं नसतं.

सावधान: काम चालू असताना लाईट गेली तर स्लायडर स्विच चालूच अडकून राहतो आणि लाईट आली की खाली ठेवलेलं मशीन आपोआप पळायला लागतं. मशीन बंद का पडलं हे बघायच्या आधी स्विच मागे ओढा, मग बाकीचं.

टप्पा २: हाताने स्पिंडल फिरवा

पिन काढलेली, डिस्क काढलेली. स्पिंडल, म्हणजे ज्या दांड्यावर डिस्क बसते तो, हाताने फिरवा आणि त्याच वेळी बॉडीच्या जाळीतून आतला पंखा बघा, गरज पडली तर टॉर्च मारा.

स्पिंडल फिरतोय आणि पंखाही फिरतोय, थोडा गिअरचा अडथळा जाणवतो, तर ठीक, टप्पा ३ ला जा. स्पिंडल फिरतोय पण पंखा जागेवरच, तर गिअरचे दात गेलेत किंवा गिअर शाफ्टवर सुटलाय. इलेक्ट्रिकल काही बघू नका, टप्पा ८ ला जा. स्पिंडल फिरतच नाही, तर आधी वरचं लॉक बटण बघा, धुळीने किंवा वाकल्यामुळे ते दाबलेलं राहतं आणि स्पिंडल अडकतो. बटण वर ओढून, हवा मारून परत फिरवा. तरी घट्ट असेल तर बेअरिंग किंवा गिअर जाम आहे, आणि अशा मशीनला लाईट देऊन बघायचं नाही. जाम मोटरला करंट दिला की काही सेकंदात वाइंडिंग (मोटरमध्ये गुंडाळलेली तांब्याची तार) जळतं, म्हणजे बेअरिंगवर भागणारं काम आर्मेचरवर जातं.

टप्पा ३: न उघडता पिनवर मीटर लावा

हे एक रीडिंग घ्यायला मिनिटही लागत नाही, आणि हेच कोणी घेत नाही.

मीटर २०० ओहमवर ठेवा. मशीनचा स्विच चालू करा (पिन बोर्डातून बाहेर आहे हे परत बघा). मीटरचे दोन प्रोब पिनच्या दोन दांड्यांना लावा. आणि मग स्पिंडल हाताने सावकाश पूर्ण फिरवत राहा, गिअरमुळे आर्मेचर त्याच्यापेक्षा जास्त फिरतं.

काही ओहम रीडिंग आलं, साधारण ५ ते १५ च्या आसपास, आणि फिरवताना थोडं वरखाली होतंय, तर सर्किट पूर्ण आहे. वायर, स्विच, कार्बन तुटलेले नाहीत. मग बोर्ड परत तपासा किंवा थेट आर्मेचरकडे जा.

मीटरवर कायम ओ एल (OL, म्हणजे करंटला वाटच नाही) किंवा डावीकडे नुसता १, तर कुठेतरी तुटलंय. टप्पा ४ पासून क्रमाने चला.

फिरवताना कधी रीडिंग कधी ओ एल, तर कार्बन नीट टेकत नाहीत किंवा आर्मेचरमध्ये तुटलंय. रीडिंग जवळपास शून्य, तर शॉर्ट आहे, पिन बोर्डात घालू नका, एमसीबी उडेल.

आता दुसरं रीडिंग. मीटर सगळ्यात मोठ्या ओहमवर ठेवा, एक प्रोब पिनला आणि दुसरा पुढच्या धातूच्या स्पिंडलला. दोन्ही पिन दांड्यांसाठी एकेकदा करा. ओ एल यायला पाहिजे. काहीही आकडा आला तर आतून लीकेज आहे. पुष्कळदा हे कार्बनच्या काळ्या पावडरमुळे होतं, तिच्यातून करंट वाहतो आणि ती आत साचून राहते, म्हणूनच कधी कधी मशीन लावलं की घरातला ईएलसीबी (लीकेज झालं की लाईट तोडणारा स्विच) पडतो. उघडून साफ केल्यावर परत मोजा, तरी आकडा येत असेल तर ते मशीन वापरायचं नाही.

लक्षात ठेवा: सॉफ्ट स्टार्ट किंवा स्पीडचं चक्र असलेल्या मशीनमध्ये मधे इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं, त्यामुळे चांगल्या मशीनवरही पिनला ओ एल येऊ शकतं. त्यात वायर, स्विच, फिल्ड, आर्मेचर सगळं वेगवेगळं मोजा, आणि ते सगळं बरोबर निघालं तर दोष त्या सर्किटमध्ये.

टप्पा ४: वायर

बंद पडलेल्या ग्राइंडरमध्ये सगळ्यात जास्त संशय मी वायरवर घेतो, कारण ती रोज शंभर वेळा वाकते, लोक वायरला धरून मशीन उचलतात, आणि ती तुटते ती बाहेरून दिसत नाही. वरचं रबर शाबूत, आतलं तांबं तुटलेलं. तुटायच्या जागा दोनच, एक मशीनच्या मागे जिथे वायर रबरी नळीतून आत जाते तिथून चार-सहा इंचात, आणि दुसरी पिनच्या मुळाशी.

मागचं कव्हर काढा, बऱ्याच चार इंची मॉडेलला ते एकाच स्क्रूवर असतं. फोटो काढा. आत वायरची दोन टोकं जिथे स्विचला जोडली आहेत तिथे एक प्रोब लावा, दुसरा पिनच्या दांडीला, मीटर बीपवर (वाट जोडलेली असेल तर आवाज येतो ती सेटिंग). एका दांडीचा एका टोकाशी बीप आला पाहिजे. बीप आला म्हणून लगेच पुढे जाऊ नका, बीप चालू असताना वायर मुळाशी चारी बाजूंनी वाकवा. आवाज मधेच तुटला की चोर सापडला.

तुटली असेल तर टेप मारून जोड देऊ नका. तुटलेल्या जागेच्या पुढे आठ-दहा इंच कापून चांगलं टोक परत स्विचला लावा, रबरी नळी परत घाला आणि वायर दाबून धरणारी क्लिप घट्ट करा. ती क्लिप बरेच जण लावतच नाहीत, मग ओढ सगळी स्विचच्या टर्मिनलवर येते. पूर्ण वायर बदलायची असेल तर जाड रबराची दोन कोअरची १ स्क्वेअर एमएम घ्या, घरातल्या टेबल फॅनची पीव्हीसी वायर टाकू नका, गरम मेटलला टेकली की वितळते.

दोनच वायर कशा, अर्थिंग कुठे, असा प्रश्न पडतो. मशीनच्या प्लेटवर चौकोनात चौकोन असं चिन्ह असेल तर ते डबल इन्सुलेटेड आहे, त्याला अर्थिंग नसतंच. स्वतःच्या डोक्याने तिसरी वायर बॉडीला जोडू नका.

टप्पा ५: कार्बन

आता कार्बन बघायचे, विकत आणायचे नाहीत. काही मशीनला बाजूला दोन गोल झाकणं असतात, ती चपट्या ड्रायव्हरने उघडतात, बाकीच्यांत मागचं कव्हर काढलं की दोन्ही कार्बन समोर दिसतात. स्प्रिंग बाजूला उचलून कार्बन ओढून काढा. कुठला कुठल्या बाजूचा आणि कसा बसला होता हे लिहून ठेवा, परत तेच वापरायचे असतील तर त्याच बाजूला त्याच दिशेने जायला पाहिजेत.

आधी लांबी. मर्यादेची रेष कोरलेली असेल तर तिथपर्यंत घासला की बदला, रेष नसेल तर ५-६ मिमी राहिला की बदला. एक घासलेला आणि एक बरा असला तरी दोन्ही बदलायचे.

लांबी चांगली असेल तर कार्बन होल्डरमध्ये परत घालून बोटाने आतबाहेर करून बघा. तो स्वतःच्या वजनाने नाही तरी हलक्या धक्क्याने सरकला पाहिजे. होल्डरच्या आत सिमेंटची, ग्रॅनाइटची आणि कार्बनची पावडर मिळून थर बसतो, कार्बन मधेच अडकतो, स्प्रिंग ढकलत राहते पण तो कॉम्युटेटरपर्यंत पोचत नाही. अशा वेळी नवीन कार्बन टाकला तरी तोही अडकणारच, आणि मग लोक म्हणतात कार्बन डुप्लिकेट निघाला. टूथब्रश आणि ब्लोअरने होल्डर साफ करा, पेट्रोल किंवा तेल लावू नका.

ऑटो-स्टॉप कार्बन वेगळा असतो, त्याचं पोट नीट बघा. त्याच्या आत छोटी स्प्रिंग आणि टोकाला प्लास्टिकसारखी एक पिन लपवलेली असते. कार्बन घासत घासत तिथपर्यंत आला की पिन खटकन बाहेर येऊन कॉम्युटेटरवर टेकते आणि कार्बनला उचलून धरते, मशीन त्याच क्षणी बंद. कॉम्युटेटर खराब होऊ नये म्हणून ही सोय आहे. घासलेल्या तोंडावर मधोमध पांढरट किंवा लाल ठिपका बाहेर आलेला दिसला तर मशीनला दुसरं काही झालेलं नाही. ती पिन काढून टाकून उरलेला कार्बन वापरायचा प्रकार करू नका, तो वाचवून आर्मेचर जातं.

नवीन घेताना मशीनचं मॉडेल आणि जुना कार्बन दोन्ही दुकानात न्या. कार्बनवर नंबर कोरलेला असतो तो जुळवा. जाड कार्बन कानशीने घासून बसवून देणारे दुकानदार असतात, तसला घेऊ नका, तिरका घासला गेला की होल्डरमध्ये हलतो आणि ठिणग्या मारतो.

टप्पा ६: स्विच

बाहेरची सरक पट्टी आणि आतला स्विच या बऱ्याच मशीनमध्ये दोन वेगळ्या गोष्टी असतात, मधे एक लांब प्लास्टिकची किंवा तारेची दांडी असते. ती तुटली किंवा निसटली की बाहेरून स्विच चालू झाल्यासारखा वाटतो पण आत काहीच होत नाही. कव्हर काढून पट्टी सरकवा आणि आतलं बटण खरंच हलतंय का ते बघा.

हलत असेल तर टर्मिनलवर मीटर. साधारण चार टर्मिनल असतात, दोन आत येणारे दोन बाहेर जाणारे, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तुटतात. चालू केल्यावर दोन्ही जोड्यांना वेगवेगळा बीप यायला पाहिजे. एकाच जोडीला आला तर स्विच गेला. पट्टी पाच-सात वेळा मागेपुढे करून प्रत्येक वेळी बघा, आत धूळ गेलेला स्विच कधी लागतो कधी नाही.

स्विच स्प्रे मारून जिवंत करायच्या नादाला लागू नका, तेलकट स्प्रेवर दुप्पट धूळ बसते. आर्मेचरच्या मानाने स्विच खूपच स्वस्त आहे, त्याच नंबरचा नवीन टाका. वायर भोकात ढकलून बसवलेल्या असतील तर शेजारच्या छोट्या भोकात बारीक ड्रायव्हर दाबला की सुटतात, ओढून तोडू नका.

सावधान: स्विच मिळाला नाही म्हणून वायर डायरेक्ट जोडून बोर्डाच्या बटणावर ग्राइंडर चालवायचा नाही. डिस्क अडकून मशीन हातातून झटका मारतं तेव्हा बोर्ड पाच फूट लांब असतो. हे मी खूप साइटवर बघतो आणि प्रत्येक वेळी सांगतो, एक दिवस काम थांबलं तरी चालेल.

टप्पा ७: फिल्ड आणि आर्मेचर

इथपर्यंत सगळं बरोबर निघालं तरच मोटर खोला.

कार्बन आधी पूर्ण बाहेर काढा. हे विसरून लोक पुढचं डोकं ओढतात आणि कार्बनचे कोपरे तुटतात, कधी होल्डरच वाकतो. मग गिअर हेडचे चार स्क्रू काढून हेड सरळ ओढा, आर्मेचर त्याच्यासोबत बाहेर येतं.

फिल्ड बॉडीतच राहते. तिला दोन कॉइल असतात. दोन्हीचं रीडिंग वेगवेगळं घ्या, दोन्ही जवळपास सारखे पाहिजेत. एक ओ एल तर ती तुटली, एक दुसरीपेक्षा बरीच कमी तर आतून शॉर्ट. कॉइल आणि लोखंडी पत्र्याच्या मधे ओ एल पाहिजे. आणि नाक लावा, जळलेल्या वार्निशचा वास लपत नाही.

आर्मेचर उजेडात धरून कॉम्युटेटर सावकाश फिरवत बघा. सगळ्या पट्ट्या सारख्या तपकिरी आणि गुळगुळीत असतील तर चांगलं. सगळीकडे सारखाच काळा थर असेल तर ४०० किंवा ६०० नंबरच्या सँडपेपरची पट्टी गोल गुंडाळून हलक्या हाताने फिरवा, मग पट्ट्यांमधल्या फटीतली काळी पावडर बारीक टोकाने उकरून काढा आणि हवा मारा. फटी साफ न करता नुसती चमक आणली तर पट्ट्या एकमेकींना जोडलेल्याच राहतात. एखाद-दुसरीच पट्टी कडेने जळलेली, खड्डा पडलेली दिसली तर ती घासून काही होणार नाही, त्या पट्टीला जोडलेली वाइंडिंगची तार तुटलीय. पट्टी वर उचलली गेली असेल, बोटाला खाच लागत असेल, तर आर्मेचर बाद.

मीटरने शेजारशेजारच्या दोन पट्ट्या मोजत पूर्ण गोल जा. आकडा खूप छोटा येईल, महत्त्वाचं हे की सगळीकडे सारखा यायला हवा. एका जागी एकदम वाढला तर तुटलंय. मग प्रत्येक पट्टी आणि शाफ्ट यांच्यात मोजा, तिथे कायम ओ एल. आतला शॉर्ट कधी कधी साध्या मीटरला सापडत नाही, तेव्हा रिवाइंडिंगवाल्याकडे (मोटरची तार नव्याने भरून देणारा) ग्राउलरवर, म्हणजे आर्मेचरमधला शॉर्ट शोधायच्या यंत्रावर, लावून घ्या, लगेच कळतं.

रिवाइंड करायचं की नवीन टाकायचं? माझं मत स्पष्ट आहे, चार इंची मशीनचं आर्मेचर मिळत असेल तर नवीनच घ्या. या मशीनचा स्पिंडलच मिनिटाला ११-१२ हजार फेरे मारतो आणि आर्मेचर त्याहून जोरात फिरतं, रिवाइंड केलेलं आर्मेचर नीट बॅलन्स झालं नसेल तर थरथरतं आणि बेअरिंग खातं. फिल्डचं तसं नाही, ती फिरत नाही, चांगल्या कारागिराकडून भरून घेतली तरी टिकते. मुंबईत नागदेवी स्ट्रीट, लोहार चाळ आणि पुण्यात तपकीर गल्लीच्या भागात असे पार्ट मिळतात, मॉडेल नंबरच्या प्लेटचा फोटो आणि जुना पार्ट बरोबर न्या.

आणि जळालं का ते शोधा, नाहीतर नवीनही जाईल. हाताच्या पंजाने हवेची जाळी झाकली जाणं, जाळीला धूळ येऊ नये म्हणून कपडा बांधणं, वजन टाकून दाबणं, कमी व्होल्टेज, चार इंची मशीनला गार्ड काढून पाच इंची डिस्क लावणं, ही नेहमीची कारणं. शेवटचं तर जिवावरचं आहे, चार इंची कटिंग डिस्कवर १५,३०० आरपीएमची मर्यादा छापलेली असते, पाच इंचीवर साधारण १२,२०० असते, आणि तुमचं मशीन त्याच्या अगदी जवळ फिरत असतं.

टप्पा ८: गिअर आणि बेअरिंग

हेड उघडून जुनं ग्रीस पुसा, दातांचे तुकडे किंवा लोखंडी कण दिसतात का बघा. मोठा आणि छोटा गिअर जोडीनेच बदला, एक जुना एक नवीन असं लावलं तर आवाज करत लवकर जातात. बेअरिंग बोटांनी फिरवा, खरखर किंवा ढिलेपणा असेल तर बदला, नंबर त्यावरच असतो, मागचा बहुतेकदा ६०७ किंवा ६०८. शाफ्टवर नवीन ठोकताना आतल्या रिंगवर ठोका, बाहेरच्या नाही. ग्रीस घराच्या निम्म्यापर्यंतच भरा, गच्च भरलेलं ग्रीस गरम होऊन मोटरमध्ये शिरतं आणि कॉम्युटेटर चिकट करतं.

टप्पा ९: जोडणी आणि पहिली चालू

फोटो बघून उलट्या क्रमाने जोडा. आर्मेचर आत गेल्यावरच कार्बन टाका. कार्बनची वेणीची तार कशाला घासत नाही ना, कव्हरखाली वायर चिमटत नाही ना, हे बघा. पूर्ण जोडल्यावर टप्पा २ आणि ३ परत करा, म्हणजे हाताने फिरवणं, पिनचं रीडिंग आणि स्पिंडलचं लीकेज. हे बरोबर आलं तरच पिन बोर्डात.

गार्ड लावा, डिस्क लावू नका, आणि पुढचा नट आणि त्याखालचा वॉशर काढून बाजूला ठेवा, सैल राहिलेला नट सुटून गोळीसारखा उडतो. चष्मा घाला. स्विच बंद आहे हे बघून पिन घाला, दोन्ही हातांनी मशीन घट्ट धरून चालू करा आणि पाच सेकंदात बंद करा. जाळीतून कार्बनपाशी बारीक निळसर ठिणग्या दिसल्या तर ठीक. कॉम्युटेटरभोवती गोल आगीची रिंग दिसली, वास आला किंवा मशीन थरथरलं तर लगेच बंद करून टप्पा ७ ला परत जा.

नवीन कार्बन असतील तर लगेच कटिंगला लावू नका. त्यांचं तोंड कॉम्युटेटरच्या गोलाईवर बसलेलं नसतं, सुरुवातीला फक्त एक कड टेकते आणि सगळा करंट तिथून जातो. पाच-दहा मिनिटं मोकळं चालवा, मधे एकदा थांबवून. मग डिस्क लावून हलकं काम घ्या.

आठवड्याभराच्या कामानंतर पिन काढून कार्बन एकदा बाहेर काढा आणि तोंड बघा. पूर्ण तोंडावर सारखी चमक असेल तर बसलाय. अर्ध्यावरच चमक असेल तर अजून थोडं मोकळं चालवा. कडा तुटलेल्या किंवा तोंडावर ओरखडे असतील तर कॉम्युटेटर खडबडीत आहे, आताच साफ करून घ्या, कारण तोच कार्बन तसाच चालवला तर महिन्याभरात परत टप्पा १ पासून सुरुवात करावी लागेल.